पुसलेली तोंडं

सोमवार, १ फेब्रुवारी

आले एकदाची! ही वही मुद्दाम नवी घेतली. बावीस वर्षं खानावळीत कपबश्या विसळल्या, तिथे लिहिण्यासारखं काही घडायचंच नाही. बशी फुटली तर तेवढीच बातमी. खानावळ बंद पडली आणि वहिनीच्या ओळखीने या वृद्धनिवासात काम मिळालं. छोटंसं घर आहे. म्हातारी माणसं आठ, वर चार खोल्या, खाली जेवणघर, स्वयंपाकघर, आणि जिन्याखाली माझी खोली. माझी! पलंग आहे, दोन खुंट्या आहेत, आणि दाराला आतून कडी आहे. मुलाकडे तीन वर्षं बैठकीत झोपले. पाहुणे आले की आधी माझी गादी गुंडाळायची. आज दुपारी कडी लावून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. कुणी हाक मारली नाही.

इथलं सगळं ताई बघतात. चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं मोजकं. म्हणाल्या, तीन महिने बघू आणि मग कायम करू. मी म्हटलं, तीन आठवड्यांतच सांगाल. त्या हसल्या नाहीत, पण ओठ जरा हलले.

बुधवार, ३ फेब्रुवारी

माणसं कळायला लागली. आठांपैकी सातांना कवळी आहे, आठव्या आजोबांना दातच नाहीत आणि नकोही आहेत. ते म्हणतात, उरलंय काय चावायला.

सगळ्यांत गमतीशीर मास्तर. चाळीस वर्षं गणित शिकवलं, आता दम्यासाठी सकाळ-संध्याकाळ तोंडात फवारा मारतात. माझी धावपळ बघून त्यांनी माझं नाव एक्स्प्रेस ठेवलं. नाश्त्याला उशीर झाला तर विचारतात, गाडी कुठे अडकली म्हणून.

आणि शिवणवाल्या आजी. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, अजूनही समोरच्याचा खांदा नजरेने मोजतात. कर्करोग आहे, दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जाऊन सलाईनमधून औषध घेतात. अंगावर मांस नाही, पण जीभ तलवारीसारखी. मी एक्कावन्न वर्षांची बाई, मला पोरी म्हणतात. माझ्या पोलक्याची शिवण उसवलेली त्यांना पहिल्याच दिवशी दिसली. काढून दे म्हणाल्या, आणि थरथरत्या हाताने टाके घालून दिले. माझं कुणी काही शिवून दिल्याला किती वर्षं झाली कोण जाणे.

न्हाणीघराच्या भिंतीवर नियमांचा कागद आहे. प्रत्येकाची कवळी त्याच्या नावाच्या डबीत, वेगळ्या ब्रशने घासायची. रात्री काढून ठेवायची. मास्तरांना फवाऱ्यानंतर चूळ भरायला लावायची. टॉवेल ज्याचा त्याला. आधीच्या बाईंना या सगळ्याला दोन तास लागायचे म्हणे. दोन तासांत मी शंभर माणसांची भांडी काढत होते.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

आज माझी अक्कल चालवली. सात डब्या, सात ब्रश, सात वेळा पाणी बदलायचं, कशाला? खानावळीत कधी एकेक कप वेगळा धुतला का? एक मोठा टब घेतला, कोमट पाणी, साबण, सगळ्या कवळ्या आत. ओळख पटायला नखांच्या रंगाचे ठिपके दिले. मास्तरांना एक, आजींना दोन, असे सातपर्यंत. एका ब्रशने खसाखसा घासल्या. वीस मिनिटांत काम फत्ते. टबात सगळ्या एका माळेच्या मण्यांसारख्या हसत होत्या.

मास्तरांची चूळही तूर्त राहू दिली. ते बेसिनपर्यंत जाऊन येईतो दहा मिनिटं जातात, आणि वाटेत पाढे म्हणतात.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

दर गुरुवारी डॉक्टर येतात. तरुण आहेत, सतत घाईत, पण मायाळू. प्रत्येकाला आ करायला लावतात, टॉर्च मारतात, छाती तपासतात. जाताना ताईंना म्हणाले की नव्या बाई आल्यापासून घर लखलखतंय. ताईंनी मला दुपारी दोन तास सुट्टी लावून दिली. नियमांच्या कागदापुढे उभी राहून मी मनात म्हटलं, बघ, तुझ्यावाचून चाललं.

रविवार, १४ फेब्रुवारी

कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंच्या छातीखाली लाल चट्टा उठलाय. कडेला उंच, मध्ये जरा फिका, गोल. खाजवून खाजवून बेजार. माझ्याकडे खानावळीपासूनची ट्यूब आहे. पाण्यात हात राहून बोटांत खाज सुटायची तेव्हा दुकानातून कुणालाही मिळायची ती. दोन बोटं लावली, संध्याकाळी खाज गायब. काकूंनी माझा हात धरून आशीर्वाद दिले. मग काय, तिघं रांगेत. एकाची जांघ, एकीची काख, एकाची बोटं. मी सगळ्यांना त्याच बोटाने लावून मोकळी. मास्तर म्हणाले, एक्स्प्रेसला आता दवाखान्याचाही डबा जोडलाय.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

मास्तरांच्या जिभेवर पांढरं दिसलं. दुधाची साय वाटली. ओल्या कापडाने पुसली. सहज निघेना, जोर दिला तेव्हा निघाली आणि खाली लालभडक, दोन ठिकाणी रक्त आलं. मास्तर म्हणाले, तिखट न खाता तिखट लागतंय. दुधानंतर पाणी द्यायला हवं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

तेरड्याचा रंग तीन दिवस. काकूंचा चट्टा परत आला, आणि एकटा आला नाही. पोटापर्यंत पसरलाय, कडा पुसट, कुठे सुरू कुठे संपला कळत नाही. जांघवाल्यांचंही तेच. मी आणखी ट्यूब लावली. खाज थांबते, चट्टा थांबत नाही.

दूध नव्हतं ते. काल पाणी दिलं, आज दूधच दिलं नाही, तरी मास्तरांच्या गालाच्या आतून पांढरं. दही फुटल्यासारखं. मग मी इतरांचीही तोंडं बघितली. सातांपैकी पाच. कवळी काढली की टाळू लाल, ओठांचे कोपरे चिरलेले. ज्यांना कवळी नाही त्या आजोबांचं तोंड स्वच्छ.

आजींची जीभ पांढरी आहे.

बुधवार, २४ फेब्रुवारी

सुट्टीच्या दोन तासांत लांबच्या औषधांच्या दुकानात गेले. जवळच्या दुकानदाराची ताईंशी ओळख आहे. माझ्या एका नातेवाइकाला झालंय असं सांगितलं. दुकानदार म्हातारे, समजावून सांगणारे. म्हणाले, ही बुरशी. आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतेच, गप्प बसलेली असते. अंग थकलं, दम्याचा फवारा मारून चूळ भरली नाही, कवळी नीट धुतली नाही, की डोकं वर काढते. औषध साधं आहे. थेंब तोंडात बराच वेळ घोळवायचे, पांढरं गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवायचे, आणि कवळी वेगळी औषधात भिजवायची, नाहीतर तीच परत तोंडात घालते.

मी ट्यूबही दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. यात खाज मारणारं जे आहे तेच बुरशीला खतपाणी घालतं, म्हणाले. नुसतं बुरशीचं मलम हवं, अंग कोरडं हवं, टॉवेल वेगळा हवा.

मग सहज विचारावं तसं विचारलं की आजारी माणसाला झालं तर. ते म्हणाले, कर्करोगाची औषधं चालू असतील तर थांबू नका. घशातून खाली उतरते, गिळताना सुरी फिरल्यासारखं होतं, माणूस खाणं सोडतो. थेंबांनी भागत नाही, गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. पण वेळेवर सांगितलं तर बरं होतं हो, म्हणाले. नुसतं सांगायचं.

येताना सगळा रस्ता मनात म्हणत आले, उद्या गुरुवार आहे, उद्या सांगते.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं. पांढरं कशामुळे, तर टबामुळे. टब कुणाचा, तर माझा. ताई कागदाकडे बोट दाखवतील आणि मी संध्याकाळपर्यंत मुलाच्या बैठकीत गादी उलगडत असेन. नऊ वाजता डॉक्टर येणार होते. आठ वाजता मी कापड आणि मिठाचं पाणी घेऊन सगळ्यांची तोंडं पुसली. आ करा, आ करा. एकेक जीभ स्वच्छ केली. डॉक्टरांना नुसता लालसरपणा दिसला. मी म्हटलं, सूप फार गरम होतं काल. त्यांनी मान हलवली. स्वयंपाकिणीला बोलणी बसली. तिनेही खाली मान घालून ऐकून घेतलं, बिचारी.

पुसताना आजी माझ्याकडे बघत होत्या. कापडावरचं रक्त त्यांनीही पाहिलं.

रविवार, २८ फेब्रुवारी

थेंबांची बाटली आणली. एकच, दोन मागितल्या असत्या तर दुकानदारांनी विचारलं असतं. सगळ्यांना थोडे थोडे दिले. ट्यूब टाकून दिली. डब्याही परत काढल्या, आता प्रत्येक कवळी वेगळी ठेवते. पण भिजवायचं औषध सातांना पुरेल एवढं कुठून आणू?

पांढरं कमी झालंय. देवा, एवढं निभावून ने. यापुढे कागदाबाहेर बोटभर जाणार नाही.

मंगळवार, २ मार्च

बाटली संपली. पांढरं परत आलं, आधीपेक्षा जाड.

आजींनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. घशात टाचणी अडकल्यासारखं होतंय म्हणाल्या. शिवणाऱ्याच्या घशात टाचणीच अडकणार, असं वर हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

रोज सकाळी पुसते आता. न जाणो डॉक्टर मधेच आले तर.

गुरुवार, ४ मार्च

आज सांगणारच होते. खरंच. पदराला हात पुसत डॉक्टरांच्या मागे उभी होते, तोंडात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आजींची पाळी आली. डॉक्टरांनी आ करायला सांगितलं. आजींनी तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, गोंजारून सांगितलं. आजींनी ओठ मिटून मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. सकाळी घाईत त्यांचं तोंड पुसायचं राहिलं होतं. त्यांना ते माहीत होतं.

माझ्यासाठी मिटलं त्यांनी तोंड. आणि मी बोलले नाही.

डॉक्टर बाहेर येऊन ताईंना हळूच म्हणाले की वजन पाच किलो उतरलंय, खाणं सुटलंय, माणूस चिडचिडा झालाय, जुना आजारच उलटलेला दिसतो. आता छळ नको, आराम द्या, मुलीला कळवा.

जुना आजार नाही. या घरात हे मला एकटीलाच माहीत आहे.

दुपारी आजींना विचारलं, का असं केलंत. त्या कुजबुजल्या, तुझी खोली जाईल ना गं पोरी. मी म्हटलं, मी सांगते डॉक्टरांना. त्या म्हणाल्या, सांग की, तुला वाटेल तेव्हा सांग, मी नाही सांगायची. त्यांचे डोळे मिटले. मी पायाशी बसून राहिले. तेव्हा उठून फोन करायला किती पावलं लागली असती? अठरा. मी मोजलीत.

रविवार, ७ मार्च

आजींची मुलगी आली. इस्पितळात न्यायचं नाही असं मायलेकींचं आधीच ठरलेलं आहे. मुलीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, आईला तुम्ही किती स्वच्छ ठेवता, तोंडाला जरासुद्धा वास नाही. माझी सख्खी बहीण असती तरी एवढं करती ना, म्हणाली. मी हात सोडवून घेतले, तर तिला वाटलं मी लाजले.

सोमवार, ८ मार्च

कवळ्यांवरचे ठिपके गेलेत. घाईत सगळ्या एकदम सोड्याने घासल्या, त्यात पुसले गेले. कुठली कुणाची कळत नाही. अंदाजाने डब्यांत घातल्या. मास्तर म्हणाले, आज माझे दात मला ओळखत नाहीत.

आणि एक गोष्ट. मी जेवणघरात गेले. नुसती पाण्याचा तांब्या ठेवायला. टेबलाशी सगळे बसलेले. मी आत पाऊल ठेवलं तसे सगळे माझ्याकडे वळले आणि सगळ्यांनी एकदम तोंडं उघडली.

कुणी आ म्हटलं नव्हतं. माझ्या हातात कापड नव्हतं.

सवय लागली असेल.

मंगळवार, ९ मार्च

आजही. जिन्यात काकू भेटल्या, मला बघताच तोंड उघडून उभ्या राहिल्या. मी मिटा म्हटलं तरी मिटेनात. आत पांढरं, गालांवर, टाळूवर, मागे पार अंधारापर्यंत. मी बाजूने पळाले. मागे वळून पाहिलं तर तशाच उभ्या.

ज्यांना कवळी नाही त्या आजोबांनीसुद्धा उघडलं. त्यांचं तर मी कधी पुसलंही नव्हतं. तिथेही पांढरं होतं. की मला तसं दिसलं?

स्वयंपाकिणीने आज माझ्याशी बोलताना — ती बोलतच होती, रोजच्यासारखी, पण तोंड बंद करायचं विसरल्यासारखं —

दूध बघवत नाही. साय हलते.

बुधवार, १० मार्च, दुपार

आरशात जीभ काढून बघितली. पांढरी आहे. घासली. रक्त आलं. तरी पांढरी.

दुकानदार म्हणाले होते, सगळ्यांच्या तोंडात असतेच. गप्प बसलेली.

फोनपर्यंत गेले. अठरा पावलं. डॉक्टरांचा नंबर फिरवला, तिकडून हॅलो आलं आणि माझी जीभ उचलेना. टाळूला चिकटून बसली. ते हॅलो हॅलो करत राहिले. मी फोन ठेवला. भीतीनेच. दुसरं काय असणार.

आजी सकाळपासून बोलल्या नाहीत. ओठ मिटलेले. पाणी कोपऱ्यातून बाहेर येतं.

मास्तरांनी ताट परत पाठवलं. गिळताना सुरी फिरते म्हणाले. पाढे म्हटले नाहीत आज.

बुधवार, संध्याकाळ

सगळे खाली जेवणघरात येऊन बसलेत. माझ्या दाराकडे तोंड करून. तोंडं उघडी. ताई बाहेरून हाका मारताहेत, ह्यांना झालंय काय म्हणून. मी कडी लावलीय.

सांगते. उद्या गुरुवार. देवाशपथ सांगते. आजींसाठी, मास्तरांसाठी. खोली गेली तर जाऊ दे. आग लागो खोलीला.

गुरुवार, ११ मार्च

आजी गेल्या. साडेसातला. मी जवळ होते. शेवटपर्यंत ओठ मिटलेले.

एक गोळी — रोज एक गोळी, एवढंच —

मुलगी वर पोचलीय. रडत नाही. म्हणाली, आईचे गाल बसलेत, कवळी घाला, चेहरा तिचा तिला दिसू दे. तुम्हीच घाला, तिला दुसऱ्या कुणाचा हात आवडायचा नाही. मी हो म्हटलं. एवढा एकच शब्द फुटला सकाळपासून.

डॉक्टर खाली आलेत. दाखल्यावर सही करायची म्हणजे आधी त्यांनाही बघावं लागणार. तोंड उघडावं लागणार. आता त्या मिटून घेणार नाहीत. आता माझ्यासाठी कुणी मिटून घेणार नाही.

कापड हातात आहे. ओलं आहे. कधी ओलं केलं, आठवत नाही — हातानेच केलं —

पुसलं तर कुणाला कधीच कळायचं नाही. जुना आजार. डॉक्टर तेच लिहितील. खोली माझी. आणि पुढच्या गुरुवारी मास्तर. मग काकू.

नाही पुसलं तर आत्ताच, मुलीच्या समोर —

मास्तर दारात आलेत. काठी टेकून उभे आहेत. तोंड उघडलंय. माझ्याकडे बघताहेत, आणि मागून जिन्यावर डॉक्टरांची पावलं. आले. आजींचे ओठ मी उघडते आहे, डाव्या हाताने. पांढरं, सगळं पांढरं, खोलवर. उजव्या हातात कापड. हात पुढे जातोय. मी नाही नेत तो, मी लिहितेय ना, मग कापड कोण — मास्तर, थांबवा मला, मास्तर, ओरडा, कुणीतरी आधी त्यांना सां